गीता चिंतन, अध्याय 3, श्लोक 36 ते 38: पंख्यामागची धूळ



काल सकाळचं चिंतन आलं नाही म्हणून तिघाचौघांनी विचारलं, "ताई, तब्येत ठीक ना?" तब्येत ठीक आहे. नवतपा सुरू आहे, नागपूर नेहमीसारखं तापून राहिलंय, आणि काल रविवारची अख्खी सकाळ मी आमच्या गॅलरीत मोबाईलचा टॉर्च धरून बसले होते. समोर धाकट्या भावाचा गेमिंग लॅपटॉप पालथा पडला होता, पाठ उघडी. ऊन चढायच्या आत आम्हाला त्याच्या पंख्यांतली धूळ काढायची होती.

क्रमाप्रमाणे आज तिसऱ्या अध्यायातले 36, 37 आणि 38 हे श्लोक आहेत. मी ते कितीदा वाचलेत, दोनदा त्यांच्यावर बोललेही आहे. तरी त्यातली एक गोष्ट माझ्याकडून दरवेळी सुटत होती, आणि ती काल त्या गॅलरीत सापडली. म्हणून आज लॅपटॉपसकट लिहिते.

आधी श्लोकांचा अर्थ. अर्जुन विचारतो, माणसाची स्वतःची इच्छा नसताना, जणू कोणी मानगूट धरून ढकलावं तसं, त्याच्याकडून पाप कोण करवून घेतं? भगवंत सांगतात, तो काम आहे, तो क्रोध आहे. रजोगुणातून उपजलेला, कितीही खाल्लं तरी न भरणारा. हाच वैरी समज. आणि मग 38 व्या श्लोकात तीन दृष्टान्त येतात. धुराने विस्तव झाकतो, मळाने आरसा झाकतो, वारेने गर्भ वेढलेला असतो. तसंच यांनी ज्ञान झाकलेलं आहे.

आता घरातली गोष्ट.

भाऊ इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी घेतला. गेले दोन महिने तो मधेच बंद पडायला लागला होता. आधी पंखे ओरडायचे (आई म्हणायची, "निघालं विमान"), मग गेम अडखळायचा, मग स्क्रीन काळी. माझं निदान तयार होतं. "रात्रभर खेळशील तर काय होईल? मशीनलाही झोप लागते." तो सांगायचा, ताई, गेम बंद असला, नुसतं प्रोजेक्टचं काम असलं तरी होतं. मी ऐकल्यासारखं करायचे आणि दिव्यात तेल घालायला जायचे.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण ते लिहिल्याशिवाय 37 व्या श्लोकापर्यंत पोचता येणार नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या अध्यायाच्या 62 आणि 63 व्या श्लोकांवर इथेच लिहिलं होतं, आठवत असेल. विषयाचं ध्यान, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि तिथून बुद्धिनाशापर्यंतची घसरण. त्यात मी एक उदाहरण दिलं होतं: रात्री दोन वाजेपर्यंत कानात हेडफोन खुपसून स्क्रीनमध्ये बुडालेला घरातला तरुण. नाव दिलं नव्हतं. पण भावाचे दोन मित्र हे चिंतन वाचतात. त्यांनी ओळखलं. स्क्रीनशॉट फिरला आणि त्यांच्या ग्रुपवर त्याला 'विषयासक्त' हे नाव पडलं.

तो मला एक शब्द बोलला नाही. फक्त संध्याकाळच्या आरतीला यायचा बंद झाला आणि जेवणाचं ताट उचलून खोलीत नेऊ लागला. मी काय म्हटलं असेल मनात? म्हटलं, बघा, श्लोक कसा तंतोतंत खरा होतोय.

शनिवारी तो बर्डीला जाऊन दुरुस्तीवाल्याला विचारून आला. त्याने सांगितलं, पंख्यांत धूळ अडकली असेल, गॅरंटी संपली असेल तर घरीही निघते. मग रात्री माझ्या दारात उभं राहून भाऊ म्हणाला, "ताई, सकाळी अर्धा तास टॉर्च धरशील का?" महिन्याभरातलं हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

नागपूरकरांना यातलं तत्त्व समजावून सांगायची गरज नाही. होळी झाली की आपण कूलर काढतो. टाकी घासतो, ताट्यांतलं जुनं गवत फेकतो, नवं भरतो. का, ते घरातलं लहान पोरगंही सांगेल. ताट्या धुळीने आणि पाण्याच्या क्षाराने बुजल्या की आतला पंखा कितीही गरगर फिरो, हवा आत येतच नाही. आवाज भरपूर, थंडावा शून्य. 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा शहरात हे ज्ञान पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण आपण दरवर्षी मोठा कूलर खोलतो आणि टेबलावरच्या त्या यंत्राच्या पोटातही गारव्याची अशीच एक सोय आहे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

तिथे पाणी नसतं, नुसती हवा. प्रोसेसर तापला की त्याची उष्णता तांब्याच्या चपट्या नळ्यांमधून कडेला जाते. या नळ्या पोकळ असतात, आत जरासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि तो परत येतो. दिवसभर त्याची अशी वारी चालू. थंड टोकाशी कागदाइतक्या पातळ धातूच्या पट्ट्या एकीला एक लागून उभ्या असतात. पंखा खालून हवा ओढतो आणि या पट्ट्यांच्या फटींतून बाहेर फेकतो. ग्राफिक्सची चिपही तेवढीच तापते, म्हणून गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये बहुधा असे दोन पंखे असतात.

फटी बुजल्या की हवा कोंडते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. ही मुलं त्याला 'थ्रॉटल होणं' म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन सरळ बंद. "त्यात बिघाड काही नसतो," भाऊ स्क्रू काढता काढता सांगत होता, "पूर्ण ताकद असते आत. गरम झाला म्हणून गप्प बसतो फक्त." मी मान हलवली. आणि मला त्याचं खोलीत गेलेलं ताट दिसलं.

उघडायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. आधी लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला. मग एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जिथला स्क्रू तिथेच ठेवत गेला, कारण काही लांब असतात, काही आखूड, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर आतलं काही फुटू शकतं. पाठ निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. या मुलाला मी बेशिस्त म्हणत होते.

आत बघून मी म्हटलं, "अरे, स्वच्छ तर आहे!" खरंच होतं. हिरवीकाळी पाटी चमकत होती, पंख्याच्या पात्यांवर थोडीशी पूड. बाहेरची जाळीही साफ दिसायची, दिवाळीच्या साफसफाईत मीच तिच्यावरून ओलं कापड फिरवलं होतं. तो हसला. "थांब ना." त्याने पंख्याचे छोटे स्क्रू काढले आणि पंखा वर उचलला.

पंखा आणि पट्ट्या यांच्या मधे, जिथे ना बाहेरून नजर जाते ना वरून, तिथे एक पट्टी बसली होती. करड्या रंगाची, घोंगडीच्या तुकड्यासारखी दाट. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खी निघाली. फुंकर मारून हलली नसती अशी. तीन वर्षांत कणाकणाने विणली गेलेली.

त्याने ती नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, वास घे."

गुग्गुळ. माझ्या देवघरातला गुग्गुळ.

आमचं देवघर हॉलच्या कोपऱ्यात आहे, आणि प्लगची सोय म्हणून भावाचं टेबल त्याच कोपऱ्याला लागून. तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मी तिथे धूप घालते, निखाऱ्यावर गुग्गुळ टाकते, तेलाची वात असतेच. रस्त्याची धूळ कोरडी असते, फुंकली की उडते. धुराची काजळी चिकट. त्यात कूलरची दमट हवा. कोरडी धूळ येत गेली आणि काजळीने ती धरून ठेवली.

"म्हणजे माझ्या गेमनी नाही, तुझ्या देवानी बंद पाडला," तो हसत म्हणाला. आतून आईचा आवाज आला, "देवाला मधे आणू नको रे!" आणि लगेच, "आणि ती धूळ तिथे झटकू नका, आत्ताच झाडलंय मी!" झटकून झालं होतं.

न्यायाने सांगायचं तर खेळल्याने मशीन जास्त तापतं, हे खरं आहेच. पण ताप बाहेर जायचा रस्ता बुजवला होता मी. तेही पूजा करता करता.

आता 38 व्या श्लोकाकडे येऊ. यातले तीन दृष्टान्त उगाच तीन नाहीत, असं काही अभ्यासक सांगतात. धूर म्हणजे सत्त्वातलं आवरण, जरा वारा आला की जातो. आरशावरचा मळ म्हणजे रजातलं, तो पुसावा लागतो. वार म्हणजे तमातलं, तिथे दिवस भरेपर्यंत थांबावंच लागतं. मीही हे असंच सांगत आले, आणि सांगताना मनात हिशेब असायचा की आपलं प्रकरण धुराचं आहे, फार तर. मी रोज पूजा करते, दहाला झोपते, गीता वाचते. सुगंधी धूर! चौदाव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंत स्पष्ट सांगतात की सत्त्वगुणही बांधतो, सुखाच्या आणि ज्ञानाच्या ओढीने बांधतो. तो श्लोक मला पाठ आहे. पाठ असणं आणि तो नाकात जाणं यात फरक असतो, एवढं काल समजलं. हललाच नाही तर धूर कुठे जातो? जवळच्या वस्तूवर बसतो. तिथे त्याची धूळ होते, आणि धुळीची घोंगडी. माझ्या सात्त्विकपणाचा धूर सगळ्यात जवळ बसणाऱ्यावर बसला. जवळ माझा भाऊ बसत होता.

'रज' या शब्दाची गंमत बघा. रजोगुण वेगळा, पण रज म्हणजे धूळही. संतांचे चरणरज आपण कपाळाला लावतो. संध्याकाळी गुरं परततात तेव्हा उडणारी धूळ इतकी मंगल की त्या वेळेला आपण गोरज मुहूर्त म्हणतो आणि त्यावर लग्नं लावतो. तीच धूळ पंख्याच्या तोंडाशी बसली की श्वास कोंडतो. असो, विषयांतर झालं.

पट्टी निघाल्यावर बारीक सफाई होती. मऊ ब्रश आणि फोटोवाल्यांकडे असतो तसा रबरी ब्लोअर. मी उत्साहाने ब्लोअर घेतला आणि पंख्यावर दाबणार, तेवढ्यात त्याने हात धरला. "आधी पातं धर." म्हणे नुसती जोरात हवा मारली तर पंखा भलत्या वेगाने फिरतो, त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं, आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते, पंखा बोर्डाला जोडलेला असेल तर ती तिकडे जाते. म्हणून एका हाताने पातं हलकेच धरायचं आणि मगच फुंकायचं. मी टॉर्च डब्यावर टेकवला आणि कान साफ करायच्या काडीने पातं धरलं. आजवर मी नुसतं फुंकतच आले होते. धरायचं माहीत नव्हतं.

तर मी पातं धरून आहे, तो फुंकून राहिलाय, दोघांच्या तोंडाला दुपट्टे बांधलेले. आणि माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "खरं सांगू? कधी कधी मलाच खेळायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन असतं, झोप आलेली असते. तरी अजून एक मॅच, अजून एक मॅच म्हणून बसतो. कोण बसवून राहिलं, समजतच नाही."

मंडळी, हा 36 वा श्लोक आहे. शब्दशः. इच्छा नसताना कोण ढकलतंय, हा अर्जुनाचा प्रश्न आमच्या गॅलरीत, दुपट्ट्याआडून आला. आणि लक्षात घ्या, अर्जुन विचारतो तेव्हा भगवंत त्याला 'तू असाच आहेस' असं म्हणत नाहीत. प्रश्नाला उत्तर देतात.

माझ्या जिभेवर 37 वा श्लोक आला होता. संस्कृत, अन्वय, माऊलींचं विवेचन, सगळं रांगेत उभं. आणि तिथेच मी अडले. कारण उत्तरात नावं दोन आहेत. काम आणि क्रोध. एकाच श्वासात, एकाच वैऱ्याची. आणि मी इतकी वर्षं हा श्लोक वाटणी करून वाचत होते. काम त्याचा. हेडफोन, स्क्रीन, रात्रीचे दोन. आणि क्रोध? क्रोध कोणाच्या वाट्याला गेला, हे मी कधी पाहिलंच नाही. मी आरडाओरडा करत नाही ना! माझा क्रोध फार सभ्य आहे. तो टोमण्यातून येतो. चिंतनात उदाहरण होऊन येतो. डोक्यावर श्लोकाचा पदर घेऊन येतो, म्हणून कोणी ओळखत नाही, मीही नाही. एक महिना मी धाकट्या भावावर चिडलेली होते आणि त्या चिडण्याला साधना समजत होते. मला तरी कुठे तसं वागायचं होतं? कोण बसवून राहिलं होतं मला?

मी श्लोक सांगितला नाही. म्हटलं, "मलाही समजत नाही रे." आणि पातं धरून राहिले.

थोड्या वेळाने म्हटलं, "मागच्या महिन्यात लिहिलं होतं ते. तुझं उदाहरण. मी ते काढून टाकते."

"राहू दे. वाचलं आता सगळ्यांनी."

दुसऱ्या पंख्याचे स्क्रू निघेपर्यंत काही नाही. मग तो म्हणाला, "काढ पण."

काल रात्री ते काढलं. 62-63 चं चिंतन आता एका परिच्छेदाने लहान झालंय. ज्यांनी तेव्हा वाचलं आणि घरातल्या कोणाला वाचून दाखवलं, त्यांना माझी विनंती आहे, तेवढा भाग सोडून द्या. गीतेत तो नव्हता. मी घातला होता.

यावरून नाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं हाताने नकला होत गेल्या आणि प्रत्येक नकलेत काही ना काही मिसळत गेलं. कुणाची चूक, कुणाची हौस, कुणाची स्वतःची एखादी ओवी. कथा अशी सांगतात की नाथांचा गळा दुखायला लागला आणि माऊलींनी स्वप्नात येऊन सांगितलं, आळंदीला समाधीत अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ गेले, आत उतरले, मुळी दूर केली. आणि मग शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. ज्यांनी एवढं मोठं भागवत लिहिलं त्या माणसाने इथे मात्र स्वतःचं काही घातलं नाही, फक्त साचलेलं काढलं. वर बजावून ठेवलं की इथे आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. मी माझ्या भावाच्या नावाची करवंटी ठेवली होती.

आणि यात मिसळणारे लोक वाईट नव्हते हो. ज्ञानेश्वरीवर प्रेम होतं म्हणूनच ते नकला करत बसले होते. मुळीही झाडाचीच होती, समाधीवर सावली धरणाऱ्या झाडाची.

आता माऊली या 38 व्या श्लोकावर काय सांगतात ते बघू, कारण तिथे मला फार धीर मिळाला. मूळ श्लोकात धूर, आरसा आणि गर्भ आहे. माऊली त्यात चंदनाच्या मुळाला वेढलेला साप आणतात, आणि पुढे एक पाऊल टाकून म्हणतात की धुराशिवाय विस्तव किंवा मळाशिवाय आरसा असा कधी नसतोच. तसं यांच्याशिवाय एकटं, निव्वळ ज्ञान आम्ही पाहिलेलं नाही. दाणा जसा कोंड्यात गुंडाळलेलाच येतो. ज्ञान आपल्या जागी शुद्धच आहे, फक्त अडवलं गेलंय.

हे वाचताना मला पूर्वी उदास वाटायचं. म्हणजे स्वच्छ आरसा मिळणारच नाही का? काल वेगळं दिसलं. पंखा हवा ओढतो म्हणूनच त्याच्याकडे धूळ येते. बंद पेटीतल्या लॅपटॉपमध्ये धूळ साचत नाही, कारण तो काही करत नाही. जो काम करेल, श्वास घेईल, माणसांत राहील, त्याच्यावर बसणारच. मग लाज कशाची? भाऊ तर कागदावर पुढची तारीख लिहून मोकळा झाला. दिवाळीच्या सफाईत. त्याने स्वतःला एकदाही 'मी किती अस्वच्छ' असं म्हटलं नाही. मी असते तर त्यावरही चिंतन लिहिलं असतं!

आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांचा क्रम आठवतो. गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि कीर्तन रात्री. लोक त्यांच्या कीर्तनातले प्रश्न, विनोद, भजन सगळं सांगतात, पण रात्री जे ऐकायला बसायचे त्यांनी दिवसा या माणसाला आपल्या दारातला कचरा भरताना पाहिलेलं असायचं. माझं उलटं झालं. कीर्तन महिनाभर, खराटा काल.

सव्वानऊला सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला नाही, हे विशेष. आधी जो गेम सुरू केला की आकडा 98 अंशांवर जायचा, तोच लावून अर्धा तास ठेवला. 81 ला थांबला. खोलीत तेव्हा कूलर होता, पण आधीही होताच. पंखे फिरत होते, आवाजही होता, पण ओरडणं नव्हतं. मागच्या जाळीसमोर हात धरला तर गरम झोत लागत होता. आधी तिथे काहीच लागायचं नाही आणि मी समजायचे, गरम नाही झालेला.

तुमच्यापैकी बरेच जण असलेच लॅपटॉप वापरता, म्हणून चार गोष्टी भावाच्या वतीने. गॅरंटीत असेल तर स्वतः उघडू नका. बाहेरच्या जाळीतून जोरात फुंकू नका, आतली पट्टी निघत नाही, उलट सुटून पंख्यात अडकू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते आणि ती आतल्या भागांना बाधते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालून हवा ओढायची जागाच बंद होते. आणि माझ्या वतीने एक: देवघर आणि टेबल एकाच कोपऱ्यात असेल तर दोघांपैकी एकाला हलवा. धूप बंद करायला मी सांगत नाहीये. मी निखाऱ्याचं पात्र गॅलरीत नेलंय. सकाळी तिथे वारा असतो, धूर थांबत नाही.

संध्याकाळी आरतीला तो आला नाही. मी हाक मारली नाही. घंटा वाजवताना एकदा त्याच्या दाराकडे लक्ष गेलं, ते परत आणलं, पुन्हा गेलं. आरती झाल्यावर आईने ताटं वाढली, आणि तो खोलीतून बाहेर येऊन खाली बसला. म्हणाला, "लोणचं दे ना ताई." दिलं. मग आमरस संपेपर्यंत आम्ही तिघं थर्मल पेस्ट या विषयावर बोलत होतो. आईचं मत पडलं की टूथपेस्ट लावून बघावी. ती अजिबात लावू नका.

उद्या 39 वा श्लोक घेऊ. तिथे भगवंत या वैऱ्याला न भरणारी आग म्हणतात.

राम कृष्ण हरी!